६१२ ओळींचं एक वाक्य

आपल्याच पुस्तकावर टोपणनावानं अनुकूल परीक्षण लिहिणं ही लेखकजमातीची जुनी युक्ती. मी तिच्यात थोडी सुधारणा केली आहे. मी माझ्याच कृतीवर, माझ्याच नावानं, प्रतिकूल परीक्षण लिहायला बसलो आहे. याचं कारण नम्रता नव्हे. या कृतीला अठ्ठावीस वर्षांत माझ्याशिवाय एकच वाचक लाभला, आणि तोही घरातलाच. माझी पुतणी. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं,

"काका, हे सगळं तुम्ही एका दमात लिहिलंत?"

मला ती दाद वाटली. मी सदऱ्याची कॉलर नीट केली.

"नाही, वाचताना मधे श्वास घ्यायला कुठे जागाच नाही, म्हणून विचारलं."

तेव्हा आधी कृतीचा परिचय. नाव: 'बिल'. वाङ्मयप्रकार: संगणकाचा प्रोग्रॅम. भाषा: फॉक्सप्रो. प्रथम लेखन: १९९६. ओळी: ६१२. प्रकरणं: एक. विषय: गोराईतल्या आमच्या ३५ घरांच्या सोसायटीचं मासिक बिल काढणं.

गोराई म्हटलं की पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे तो सोनेरी पॅगोडा आहे ती?" नव्हे. तो पॅगोडा खाडीपलीकडच्या गोराईत. आम्ही अलीकडच्या, बोरिवलीच्या गोराईत. होडीनं गेलं तर अंतर काही मिनिटांचं. पण गाडी काढलीत तर भाईंदर, उत्तन असा भला मोठा वळसा. आमच्या वास्तुशांतीला माझ्या मेव्हण्याचा साडू पलीकडच्या गोराईत जाऊन पोचला होता. दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव दिलं की काय होतं, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये 'बाकी' नावाच्या एकाच डब्यात वरच्या शंभर ओळींत थकबाकी असायची आणि खालच्या शंभर ओळींत सुट्टे पैसे.

मी मुळात बँकेतला कारकून. १९८३ साली यंत्रांबद्दल बँका आणि कर्मचारी संघटना यांचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि ज्या संगणकाच्या नावानं आम्ही फाटकावर मुर्दाबाद केलं होतं त्याच्याचसमोर पुढे आमच्यातल्या काहींना नेऊन बसवलं. मला वर्तमानपत्रातली कोडी सुटायची, एवढ्या पुंजीवर मी प्रोग्रॅमर झालो. प्रशिक्षणात आम्हांला डाइक्स्ट्रा नावाच्या डच पंडिताच्या १९६८ मधल्या पत्राबद्दल सांगितलं. 'गो टू' म्हणजे 'अमक्या ओळीवर उडी मार' ही आज्ञा घातक आहे, असं त्यात होतं. मी तो उपदेश आयुष्यभर पाळला. एक उडी मारली नाही. पण 'इफच्या पोटात इफ, त्याच्या पोटात इफ असे नऊ घालू नका' असं मला कुणी वेगळं सांगितलं नाही, त्याला मी काय करणार?

इफ म्हणजे 'जर'. जर अमुक असेल तर तमुक कर. अट संपली की एंडिफ लिहायचं. दर इफला ओळ थोडी उजवीकडे सरकवायची, ही शिस्त. त्या काळी पडदा ८० अक्षरं रुंद. माझ्या सातव्या इफपासून पुढचा मजकूर पडद्याबाहेर, जवळजवळ शेजारच्यांच्या गॅलरीत जायचा. आणि शेवटी नऊ एंडिफ पायरीपायरीनं खाली उतरायचे. मला ते देवळाच्या घाटासारखं दिसायचं. पुतणी म्हणाली, "घाट नव्हे काका, भुयारातून बाहेर यायचा जिना."

आता एवढा लांबलचक प्रोग्रॅम कुणी ठरवून लिहितं का? आमच्याकडची घरं पाहिलीत तर कळेल. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जाचा मुंबई नागरी विकास प्रकल्प आला. म्हाडानं गोराई, चारकोप, मालवणी इथे भूखंड आखून दिले. रस्ता, पाणी, गटार सरकारचं. घर ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. योजना उत्तम. आम्ही आधी एक खोली बांधली. मग पोटमाळा काढला. मुलगा झाला तेव्हा वर एक मजला चढवला; जिन्याला आत जागा नव्हती म्हणून तो बाहेरून काढला. मग जिन्याला ग्रिल, ग्रिलवर पत्रा, पत्र्याखाली सायकल. प्रत्येक गोष्ट त्या त्या दिवशी अगदी शहाणपणाची होती. फक्त आज दिवा लावायचा तर आधी सायकल हलवावी लागते.

'बिल' असंच वाढलं. १९९६ मध्ये ते ४० ओळींचं सुबक घर होतं. मग थकबाकीवर व्याज आलं. घर भाड्यानं दिलं तर नॉन-ऑक्युपन्सी आली. २००१ मध्ये शासनानं ती सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येणार नाही असा आदेश काढला, तेव्हा आणखी एक इफ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. आमच्या सोसायटीनं ऑगस्टचं व्याज माफ केलं. इफ वर्ष २००५ आणि महिना ८. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या, पुन्हा इफ. २०२० मध्ये टाळेबंदी, आणखी इफ. मुंबईचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्यानं माझा प्रोग्रॅम जरूर चाळावा. फक्त तो बखरीसारखा वाचावा लागेल.

बखरीची आठवण उगाच नाही आली. जुने मोडी कागद पाहिले असतील तर ध्यानात येईल: आधी कागदभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. शब्द कुठे तुटतो, वाक्य कुठे संपतं, हे वाचणाऱ्यानं आपल्या अकलेनं ओळखायचं. १८५० मध्ये मेजर कँडी या साहेबानं 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली आणि मराठी माणसाला लेखी श्वास घ्यायला शिकवलं. मजकूर तोच, पण कुठे थांबायचं ते कळू लागलं. माझी पुतणी ही माझ्या घरातली मेजर कँडी. मालाडच्या एका कंपनीत ती दिवसभर इतरांचे प्रोग्रॅम आवरते आणि त्याचे तिला पैसे मिळतात.

या धंद्याला रिफॅक्टरिंग म्हणतात. मार्टिन फाउलर यांचं या विषयावरचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. बाहेरून दिसणारं वागणं तसंच ठेवायचं आणि आतली रचना सुधारायची, एवढाच मथितार्थ. मी याला 'पुनर्घटकीकरण' असा प्रतिशब्द सुचवला. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "आवरणं म्हणा की!" भाषा संचालनालयात बायकांची भरती वाढवायला हवी, असं माझं मत आहे.

आमचा सोसायटीचा जुना संगणक कायमचा मिटला, म्हणून हा प्रसंग आला. पुतणीनं आपल्या लॅपटॉपवर जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम बसवला आणि माझं 'बिल' त्यात पुन्हा चालवून दाखवलं. मला वाटलं, आता ती खोडाखोड सुरू करणार. तिनं एका ओळीला हात लावला नाही. आधी मागच्या दहा वर्षांची सगळी बिलं नव्यानं काढली. ३५ घरं, १२० महिने, ४२०० बिलं. ती जपून ठेवली.

"आता एक लहानसा तुकडा बाजूला काढायचा, त्याला नाव द्यायचं, आणि ४२०० बिलं पुन्हा काढायची. एका पैशाचा फरक पडला तर तुकडा परत जागेवर."

"आणि चूक सापडली तर?"

"तर तीही तशीच ठेवायची. आवरणं आणि दुरुस्ती एका दिवशी करायची नाही."

"हेच मी यांना माळ्याबद्दल सांगते," सौ. म्हणाली. "आज नुसतं खाली काढायचं. फेकायचं काय ते उद्या. त्याच दिवशी ठरवलं की माझी हंडी भंगारात जाते आणि यांची मासिकं राहतात."

आता परीक्षणाकडे वळतो. पात्रचित्रण हा या कृतीचा सर्वांत दुबळा भाग. फॉक्सप्रोच्या त्या आवृत्तीत नावाला दहाच अक्षरं मिळत, हे खरं. पण मी तीही पुरी वापरली नाहीत. एक्स, एक्सएक्स, टेंप, टेंप-दोन, बाकी, बाकीबाकी. यांतलं कोण नायक आणि कोण विदूषक हे लेखकालाही सांगता येईना. कथानकाला फाटे किती? टॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये याचं गणित मांडलं: प्रोग्रॅममधल्या अटी मोजा आणि त्यांत एक मिळवा. आकडा दहाच्या वर गेला की सावध व्हा. पुतणीनं माझ्या अटी मोजल्या. ८७. "म्हणजे ८८," ती म्हणाली. मी विचारलं, यात जास्त गुण चांगले की कमी? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायली.

मात्र एकाच बाजूनं टीका करणं बरं नव्हे. तिसऱ्या रविवारी तिनं माझ्या एका प्रकरणाची ७४ प्रकरणं केली होती. दोन-दोन, तीन-तीन ओळींची. 'व्याज लागतं का' हे पाहायला गेलो तर ते 'थकबाकी आहे का' याच्याकडे पाठवायचं. ते 'मुदत टळली का' याच्याकडे. आणि तिथे एकच ओळ. सरकारी कचेरीत खिडकी नंबर चारवरून सातवर पाठवतात तसं. मी म्हटलं, "बाई गं, माझं भुयार वाईट होतं, कबूल. पण तुझी ही खाडी ओलांडायला सात होड्या बदलाव्या लागतात." ती हसली आणि चक्क ऐकलं. या शास्त्रातही दोन घराणी आहेत म्हणे. रॉबर्ट मार्टिन यांचं २००८ चं पुस्तक तुकडे लहानात लहान करा म्हणतं. जॉन ऑस्टरहाउट यांचं २०१८ चं पुस्तक, उगाच चिंध्या करू नका म्हणतं. आमच्या घरी ३१ वर तह झाला.

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. मग तिनं विचारलं, "काका, एक पूर्णांक पंचाहत्तर म्हणजे काय? सहा ठिकाणी आहे."

"व्याज. सालाचे २१ टक्के, भागिले बारा. उपविधीत याच्यावर जाता येत नाही."

"मग सातव्या ठिकाणी दीड का?"

मी चष्मा लावला. १९९९ पर्यंत आमचं व्याज १८ टक्के होतं, म्हणजे महिन्याला दीड. सभेनं ते २१ केलं, तेव्हा मी सहा ठिकाणी आकडा बदलला आणि सातवं विसरलो. ते सातवं ठिकाण भाड्यानं दिलेल्या घरांचं. अशी घरं चार. त्यांतलं एक आमचं. वरचा मजला आम्ही भाड्यानं देतो. आणि सगळ्यांची बिलं काढणारा मी स्वतःचं बिल नेहमी उशिरा भरतो.

"राहू दे, तूर्त तसंच ठेवते," ती म्हणाली आणि पुढे सरकली. "आणि हे काय? इफ प्लॉट बरोबर सतरा. व्याज शून्य. यादीत नाव नाही. शेरा नाही, तारीख नाही, काही नाही."

हे मात्र मी विसरलो नव्हतो. १९९८ मध्ये सतरा नंबरचे गृहस्थ अचानक गेले. वहिनी साड्यांना फॉल-बिडिंग करून दोन मुलं वाढवू लागल्या. बिल भरायच्या, पण महिना-दीड महिना उशिरा. व्याज म्हणाल तर पाच-सव्वापाच रुपये. प्रश्न व्याजाचा नव्हता. माझा प्रोग्रॅम थकबाकीदारांची यादीही छापायचा आणि ती चौकातल्या फळ्यावर लागायची. वहिनी रोज त्या फळ्यावरून पाणी भरायला जात. आमचे तेव्हाचे सेक्रेटरी एका रात्री माझ्याकडे आले, उभ्या उभ्या म्हणाले, "सतरा नंबर फळ्यावर नको." मी इफ टाकला. ठराव नाही, इतिवृत्त नाही. सेक्रेटरी आता हयात नाहीत. उरला तो इफ.

पुतणी ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, "या तुकड्याला नाव काय देऊ?"

"नाव कशाला? राहू दे की तिथेच, आठव्या इफच्या पोटात. इतकी वर्षं कुणाला दिसला नाही."

"तोच तर घोळ आहे काका. दीडवालाही कुणाला दिसला नव्हता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. लांबलचक प्रोग्रॅम वाचायला अवघड असतो, ही तक्रार मी ऐकून होतो. ती सोसण्यासारखी आहे. मला आज दिसलं ते निराळं होतं. सतराची माफी मी जाणूनबुजून केली होती आणि दीडाची चूक नकळत झाली होती. पण ६१२ ओळींच्या गर्दीत दोघींचा चेहरा सारखाच. दोन्ही मुक्या. दया कुठली आणि गफलत कुठली हे फक्त मला ठाऊक; आणि गफलतीचा फायदा माझ्याच घराला मिळालेला. उद्या कुणी विचारलं तर पुरावा काय दाखवणार? माझी चांगली वागणूक?

सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. मी उभा राहिलो आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. दीडाच्या चुकीनं माझे किती वाचले त्याचा हिशेब पुतणीनं काढला होता: ६२ रुपये ५० पैसे. सभा हसली. मग मी म्हटलं, एका घराला आम्ही व्याज लावलं नाही आणि फळ्यावर नाव घातलं नाही. तेव्हा अडचण होती.

"कोणतं घर?" एक सभासद उठले. ते बँकेत असते तर हिशेब तपासनीस झाले असते.

"समितीला सांगतो. सभेला नाही."

"असं कसं? ते मुद्दाम केलं आणि हे चुकून झालं म्हणता. उलट कशावरून नसेल?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो माझाच. सभागृहात, म्हणजे मंडपात, पंख्याचा तेवढा आवाज येत होता. तेव्हा मागून पुतणी म्हणाली, "नव्या प्रोग्रॅममध्ये 'व्याजमाफी' असा वेगळा भाग केलाय. त्यात कुठलाच घरक्रमांक नाही. कुणाला द्यायची ते समितीनं ठराव करून सभासदांच्या नोंदवहीत 'होय' लिहायचं, ठरावाची तारीख घालायची. नियम सगळ्यांना दिसेल, नाव फक्त समितीला."

ती सभासद नव्हती, तिला बोलायचा हक्क नव्हता. पण उपविधी कुणाला आठवले नाहीत. ठराव झाला. फळ्यावरची यादीही बंद झाली, कारण बिलं आता मोबाइलवर जाणार होती. माझ्याकडून ६२ रुपये ५० पैसे वसूल करण्यात आले. ती पावती मी जपून ठेवली आहे. माझ्या वाङ्मयसेवेचा तेवढाच लेखी पुरावा.

ऑक्टोबरचं बिल गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरा नंबरच्या वहिनी आल्या. केस पांढरे झाले आहेत. मुलगे मोठे झाले, एक विरारला असतो. हातात मोबाइल आणि पिशवी.

"भाऊजी, नवं बिल छान वाचता येतं हो. सगळं ओळीनं लिहिलंय." मग जरा घुटमळल्या. "एक विचारू? तुमच्या जुन्या मशीनला सतरा आकडा दिसत नव्हता का?"

मी काही बोललो नाही.

"नाही, सगळ्यांच्या बिलात व्याज यायचं, माझ्याच बिलात कधी नाही. सांगावं तर तुमची चूक दाखवल्यासारखं, न सांगावं तर लबाडी केल्यासारखं." त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. तो जड होता. "म्हणून उशीर झाला की पाच रुपये यात टाकत होते. म्हटलं, कधी मशीनला दिसलं आणि एकदम मागितले तर?"

सौ. पदर डोळ्याला लावून चहा ठेवायला आत गेली. पुतणी लॅपटॉपवर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखी पाहत राहिली.

"वहिनी," मी म्हटलं, "ती मशीनची चूक नव्हती. आम्ही मुद्दाम केलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नव्हे.

"मग तसं कुठेतरी लिहून ठेवायचं होतं की, भाऊजी," त्या म्हणाल्या.